‘एक सुई मारा अन् सोडवा’ म्हणणाऱ्या रुग्णाला काय उत्तर द्यायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील एकाहत्तर वर्षांचे, मिलमधून निवृत्त. अन्ननलिकेचा कॅन्सर यकृतात आणि हाडांत पसरलाय, केमो थांबवून दीड महिना झाला. आठ-दहा दिवस झाले, रोज रात्री ते तुमचा हात धरून म्हणतात, “मला सोडव.” पुण्याचा भाऊ फोनवरून सांगतो की मोठ्या दवाखान्यात टाका, पैशांचं मी बघतो. तुम्ही विचारलंत, काही देशांत कायद्याने मरण मागता येतं, मग आपल्याकडे का नाही? मागणं पाप आहे का? आणि सगळ्यात शेवटी, जरा दबकत, असं एखादं इंजेक्शन असतं का?

मी आधी भूलतज्ज्ञ होतो. गेली बावीस वर्षं सोलापुरात वेदनाशमन आणि शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा एवढंच काम करतो. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक जण खोलीबाहेर जिन्यात गाठून विचारतात. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगतो.

इंजेक्शन देता येत नाही. रुग्णाने स्वतः मागितलं, लिहून दिलं, सगळं घर राजी असलं, तरी मरण यावं म्हणून औषध टोचणं हा आपल्या कायद्यात मनुष्यवधच आहे. गोळ्या आणून हातात ठेवणं म्हणजे आत्महत्येला मदत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यात पळवाट नाही, आणि कुणी पळवाट सुचवली तर त्या माणसापासून लांब राहा.

पण ‘मरण आणणं’ आणि ‘मरणाच्या आड न येणं’ या दोन गोष्टींत आपल्या न्यायालयांनी फरक केलाय. तुमच्या घरात आज उपयोगी पडेल ते या दुसऱ्या गोष्टीत आहे.

अरुणा शानबाग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची बेचाळीस वर्षं त्या तिथल्याच एका खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवावं अशी मागणी पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ च्या निकालाने ती फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी ठाम सांगितलं होतं की ती आमची आहे, आम्ही करतो तिचं. पण त्याच निकालाने, उपचार काढून घेऊन नैसर्गिक मरण येऊ देण्याचा रस्ता पहिल्यांदा उघडला, अर्थात उच्च न्यायालयाच्या परवानगीने. मला त्या निकालातली एक गोष्ट कायम अस्वस्थ करते. न्यायालयाने कौल दिला तो रोज अंग पुसणाऱ्या हातांच्या बाजूने. ते मला पटतं. पण शुश्रूषा करणाऱ्यालाच कधी कधी सोडवत नाही, हेही मी पाहिलंय. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं. १८ मे २०१५ ला त्या न्यूमोनियाने गेल्या.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे ‘मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा मला हे उपचार नकोत’ अशा लेखी इच्छेला, मान्यता दिली. त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की मी स्वतः एकदा खटपट करून सोडून दिली. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. रुग्ण बेशुद्ध असेल आणि व्हेंटिलेटर काढायचा असेल, तर रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं एक मंडळ मत देतं. त्यावर दुसरं मंडळ शिक्कामोर्तब करतं, आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्यायचा, आणि अंमल करण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. शेजारच्या कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये यासाठी सरकारी आदेश काढला. विजयपूर, कलबुर्गीचे रुग्ण आपल्याकडे येतात, त्यामुळे तिकडचे नातेवाईक हल्ली कागद घेऊनच विचारायला येतात.

तुमच्या वडिलांना मात्र यातलं मंडळ-बिंडळ काही लागत नाही. ते शुद्धीवर आहेत, बोलतात, त्यांना सगळं समजतं. ‘मला नळी नको, आयसीयू नको, केमो नको’ एवढं त्यांनी म्हटलं की ते पुरेसं आहे. भाऊ पुण्याहून किंवा अगदी अमेरिकेतून काहीही म्हणाला तरी.

आता खरं बोलणं. “मला सोडव” म्हणजे काय?

सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, याचा अर्थ एकच. यंत्रमागावर आयुष्य गेलेला एक माणूस, जबड्याचा कॅन्सर, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत म्हणाला, “डागदर, एक सुई मारा अन् सोडवा बघा.” चार रात्री झोप नव्हती. मॉर्फिनची गोळी सुरू केली, दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहायचं औषध. (ते विसरलं तर बद्धकोष्ठानेच माणूस बेजार होतो, आणि नाव मॉर्फिनचं खराब होतं.) तिसऱ्या दिवशी गेलो तर हा बसलेला. शेंगाचटणी खायची म्हणे. चावता येईना, तर बायकोने ताकात कालवून चाटवली. सुईचं नाव नाही. नंतर तो दोन महिने होता, आणि त्या दोन महिन्यांत त्याने मुलाशी चार वर्षांचा अबोला सोडला. त्याचं ‘सोडवा’ हे दुखण्यापासून होतं, जगण्यापासून नव्हतं.

दुसरी एक अम्मा. विडी कामगार, तेलुगू. दुखणं नव्हतंच म्हणायचं. पण रोज तेच, सोडवा. दोन-तीन भेटींनंतर, सून पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाली की नातीच्या लग्नाचे पैसे माझ्या सलाईनमध्ये चाललेत. ती मरण मागत नव्हती. ती बिल थांबवायला सांगत होती. आम्ही सलाईन बंद केलं (तसंही त्याचा उपयोग नव्हता, पायांची सूज तेवढी वाढत होती), औषधं दोन-तीनवर आणली, खर्च मुलाकडून तिच्यासमोर मोठ्याने मोजून घेतला. त्यानंतर तिने तो शब्द काढला नाही.

या दोघांच्या अनुभवावर मी काही वर्षं भाषणं ठोकली. दुखणं आणि ओझ्याची भावना हटवा, मरणाची मागणी आपोआप विरते, असं मी सांगायचो. मग एक निवृत्त शिक्षक भेटले. नसांचा आजार, स्नायू एकेक करून बंद पडत चाललेले. दुखत नव्हतं. पैसा होता, मुलगी जवळ होती, मन खचल्याचं लक्षण मानसोपचार करणाऱ्या सहकाऱ्यालाही दिसलं नाही. सहा आठवडे, दर भेटीला, त्याच शांत आवाजात ते म्हणाले, “डॉक्टर, मी वाचलं, शिकवलं, फिरलो. आता दुसऱ्याने माझी लाळ पुसायची, हे मला नको आहे. तुम्ही मला मदत करू शकत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी चुकतोय असं तरी म्हणू नका.” मी म्हटलं नाही. उत्तरही दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं, आणि आजही नाही. श्वासाचं मशीन नको हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, तेवढं पाळलं.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९९७ पासून अशा लोकांसाठी कायदा आहे. सहा महिन्यांहून जास्त जगणार नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलेला, पूर्ण भानावर असलेला रुग्ण औषध मागू शकतो, आणि ते त्याने स्वतःच घ्यायचं असतं. तिथल्या नोंदींत दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक, असं औषध लिहून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. ते कपाटात असतं आणि माणूस त्याच्या वेळेला जातो. दोन, मागण्याचं कारण म्हणून वेदना वरच्या क्रमांकावर नसतात. स्वतःवरचा ताबा सुटणं, आवडतं काही करता न येणं, ही कारणं वर असतात. म्हणजे आमच्या मास्तरांचंच म्हणणं. तेव्हा ‘चांगली शुश्रूषा मिळाली की मरण कुणी मागत नाही’ हे माझं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे.

मग मी अशा कायद्याच्या बाजूने का नाही?

कारण मी रुग्णवाहिका पाहतो. आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेला माणूस, बाराव्या-पंधराव्या दिवशी पैसे संपतात, शेत गहाण पडलेलं असतं. मग मुलगा ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असं लिहून देतो. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटच्या दिशेने गाडी निघते, कुणीतरी वाटभर श्वास देणारा फुगा हाताने दाबत बसतं, आणि उंबऱ्यात नळी निघते. तोंडात तुळशीपत्र. घशातल्या घरघरीला एक थेंब औषध नाही. गावात सांगतात, घरी आल्यावर जीव सोडला, सोनं झालं. निर्णय रुग्णाने घेतला नाही, डॉक्टरनेही नाही, काउंटरवरच्या आकड्याने घेतला. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि याला कुणी इच्छामरण म्हणत नाही. अशा जिल्ह्यात उद्या इंजेक्शन कायदेशीर झालं तर पहिली मागणी मास्तरांसारख्या माणसाकडून येईल की अम्मासारख्या बाईकडून? मला या दुसऱ्या शक्यतेची भीती वाटते. मागणी तिची असेल, पण शब्द घराच्या अडचणीचे असतील.

नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे. तिथे आजार मरणाच्या दाराशी असायलाच हवा अशी अट नाही. त्रास असह्य आणि न सुधारणारा असावा लागतो. कॅनडाने २०१६ मध्ये सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ‘मरण नजीक असावं’ ही अट काढून टाकली. दार एकदा उघडलं की चौकट रुंदावत जाऊ शकते हे खरं. पण ओरेगनमध्ये सहा महिन्यांची अट अजून तशीच आहे, हेही तितकंच खरं. त्यामुळे ‘घसरण होणारच’ असं मी छातीठोक म्हणत नाही. मी म्हणतो ते फक्त इथलं. जिथे मॉर्फिनच पोचलं नाही तिथे ‘निवड’ हा शब्द मला जड जातो.

मॉर्फिनचं बघा ना. स्वस्त गोळी. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ती अशी अडकली की रुग्णालयं नको ती कटकट म्हणून ठेवेनाशी झाली. २०१४ मध्ये कायदा बदलला, परवान्यांचं जंगल बरंच कमी झालं. तरी आजही चिठ्ठी घेऊन कुठल्याही मेडिकलमध्ये गेलात तर मिळत नाही, मान्यता असलेल्या ठिकाणी जावं लागतं. ज्या जिल्ह्यात बार्शीसारख्या गावाने १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली, देशात पहिल्यांदा, त्याच जिल्ह्यात माणसं अजून साध्या पॅरासिटामॉलवर कण्हत मरतात. आणि घरातल्या शंका वेगळ्याच. व्यसन लागेल. हे शेवटचं औषध, हे दिलं म्हणजे संपलं. नाही. मोजून, पायरीपायरीने वाढवलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. उलट ज्याला झोप लागते तो सकाळी चार घास खातो.

माझ्या या भूमिकेत एक खोट आहे, ती कुणी दाखवायच्या आत मीच सांगतो. ‘आधी जिल्ह्यात सोय होऊ दे, मग हक्काचं बघू’ हे मला, निरोगी माणसाला, म्हणणं सोपं आहे. ज्याच्याकडे तीन महिने आहेत त्याने सरकारी सुधारणेची वाट का बघावी? मास्तरांच्या मुलीने मला हेच विचारलं होतं. मी खाली बघितलं.

आता पाप-पुण्याचं. ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी इथल्या, सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिरात घेऊन जातो. तळ्याच्या मधोमध आपण ज्याला प्रदक्षिणा घालतो ती सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, आणि त्या दिवसाची आळंदीला यात्रा भरते. इथून जवळच कुंथलगिरीला १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, म्हणजे जैन व्रताप्रमाणे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवला, सोलापूरच्या जैन घरांतून आजही त्याच्या आठवणी सांगतात. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडून देह ठेवला, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे हेच जैन व्रत, बेकायदा ठरवला, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा, मरणाकडे स्वतःहून चालत जाणं आपल्याला परकं नाही.

फक्त यातल्या एकाच्याही हाती दुसऱ्याने काही दिलं नाही, आणि एकालाही ‘मी घरच्यांना जड झालोय’ म्हणून जावं लागलं नाही. हा फरक मला कायद्याच्या कलमापेक्षा मोठा वाटतो.

आणि साधुसंतांचं कशाला? आपल्या आज्या-पणज्या काय करायच्या? एक दिवस ताट सरकवायच्या. “आता नको गं.” घरात म्हणायचे, अन्न सोडलं. वैद्याला निरोप जायचा तो औषधासाठी नाही, किती दिवस आहेत ते विचारायला. हल्ली त्याच आजीला नाकातून नळी घालतात आणि हात खाटेला बांधतात, ओढून काढू नये म्हणून. ताई, हे नीट ऐका, कारण तुमच्याकडे हे येणार आहे. मरणाच्या जवळ आलेल्या माणसाने अन्न सोडलं म्हणजे तो उपाशी मरत नसतो. शरीर एकेक खोलीतला दिवा मालवत असतं. भूक लागत नाही. जबरदस्तीने घातलेलं पोटात राहत नाही, फुप्फुसात जातं. ओठ ओले ठेवा, बर्फाचा खडा चोखायला द्या, मागितलं तर चहाचा एक घोट. ‘आम्ही बापाला उपाशी ठेवलं’ हे मनातून काढून टाका.

तुमच्या वडिलांच्या पाठीचं दुखणं हाडातलं आहे, असं वर्णनावरून वाटतं. त्यावर रेडिएशनचा एकच डोसही पुष्कळदा काम करतो, तेवढ्यासाठी एक फेरी परवडते. तुम्ही लिहिलेली सध्याची गोळी अशा दुखण्याला अपुरी आहे. मॉर्फिनबद्दल तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ते टाळत असतील तर कुठे मिळेल ते विचारा.

आणि आज रात्री ते “सोडव” म्हणाले की “असं बोलू नका बाबा” म्हणू नका. सगळे हेच म्हणतात आणि माणूस गप्प होतो. विचारा, “कशातून सोडवू?” मग थांबा. टीव्ही बंद असू द्या. दुखणं निघेल, पैसा निघेल, कदाचित एखादं जुनं देणं किंवा कुणाला तरी भेटायचं राहिलेलं निघेल. आपल्याकडे म्हणतात, जीव कशात तरी अडकलाय. मी डॉक्टर असूनही हे मानतो. आणि दुखणं थांबल्यावरही, दिवसामागून दिवस, ते तेच म्हणत राहिले, तर निदान त्यांना वेड्यात काढू नका.

त्यांना विचारायचा दुसरा प्रश्न, शेवट कुठे व्हावा. घरी म्हणाले तर भावाला एकदा बोलावून घ्या आणि हे त्यांच्याच तोंडून त्याला ऐकू द्या. लांबून पैसे पाठवणाऱ्या मुलाला अपराधी वाटत असतं, त्याचं दवाखान्यात टाका म्हणणं त्यातून येतं. त्याच्याशी भांडू नका. रात्री-अपरात्री श्वास बदलला तर कुणाला फोन करायचा ते आजच ठरवा. नाहीतर घाबरून रुग्णवाहिका येते, आणि पहाटेपर्यंत वडील नेमक्या त्याच मशीनवर असतात जे त्यांना नको होतं. नेहमीच्या डॉक्टरांशी मृत्यूच्या दाखल्याचंही आधीच बोलून ठेवा. हे अभद्र वाटतं, पण त्या दिवशी धावपळ वाचते.

तुम्ही स्वतः किती रात्री झोपला नाहीत हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. फारच असह्य झालं, किंवा वडिलांनी गोळ्या साठवल्याचं लक्षात आलं, तर १४४१६ वर टेलि-मानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा आहे, मराठीतून बोलतात. आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा.

तुम्ही जाता जाता विचारलंत, डॉक्टर, तुम्ही स्वतःसाठी काय कराल? मी माझं लिव्हिंग विल केलंय. कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेलो, त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि विचारलं, “गट नंबर कुठं लिहिलाय?” म्हटलं, जमीन नाही यात. “मग घर?” घरही नाही. चष्मा काढून त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचलं, शिक्का मारला, फी घेतली. मी जिना उतरायला लागलो तर मागून हाक आली. त्यांच्या आईला चौथ्यांदा आयसीयूत हलवायचं चाललं होतं, आणि त्यांना विचारायचं होतं की तिला हे विचारायला अजून वेळ आहे का.